व्हॉल्व्हचं भांडण मी मिटवते

३ जानेवारी
नवी वही. नात म्हणाली, आजी, रोज दोन ओळी लिही, मेंदू गंजत नाही. माझा गंजायला वेळ कुठे? पण वही गुळगुळीत आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर एवढी छान वही हातात आलीच नव्हती.
मोठी बातमी: परदेशातल्या कंपनीने आपल्यावर केस केली. त्यांच्या पाण्याच्या प्रकल्पाला आपण चारशे व्हॉल्व्ह पाठवले, ते गळतात म्हणे. मुलगा म्हणतो, गळत नाहीत, त्यांच्या माणसांनी उलटे बसवले. कोर्ट नाही. करारातच लिहिलंय, तीन पंच बसणार, तेही तिसऱ्याच देशात, आणि ते म्हणतील ते शेवटचं. हरलो तर कारखाना जातो. मुलगा जेवला नाही.
मला मात्र हायसं वाटलं. पंच म्हणजे तर माझंच खातं! चाळीस वर्षं गल्लीतली भांडणं कोणी मिटवली?
संकल्प: मुलाला कळू न देता मदत करायची.

८ जानेवारी
वकीलबाई घरी आल्या. हुशार आहेत, पण चहा अर्धा टाकतात. हे गेल्यापासून कागदोपत्री मालकीण मी, करारावर सही माझी, म्हणून मलाही साक्षीला बोलावणार. लगेच हो म्हटलं. चष्म्याची काडी बदलून घ्यायला हवी.
जाताना वकीलबाई तीनतीनदा म्हणाल्या, समोरच्यांशी कोणीही परस्पर एक अक्षर बोलायचं नाही. ते मुलासाठी होतं. तो तापट आहे.

१९ जानेवारी, दुपार
वकीलबाईंनी समोरच्यांना तडजोडीचं पत्र लिहिलंय. नातीने वाचून दाखवलं. पहिलीच ओळ: ही केवळ तडजोडीची बोलणी आहेत, पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. अगं बाई! म्हणजे कोणाच्या घरी जायचं आणि उंबऱ्यातच सांगायचं, माझा तुमच्यावर विश्वास नाही. असं मिटतं होय भांडण?
माझी रीत वेगळी. एका बाजूच्या वडीलधाऱ्याने आधी म्हणायचं, आमचंच चुकलं. खरं असो नसो. की समोरचा विरघळतो, छे छे, आमचंही चुकलंच. झालं! माझ्या दोन जावांचं अकरा वर्षांचं वैर मी असंच दहा मिनिटांत मिटवलं. (पुढे त्या दोघी मिळून माझ्याशी बोलेनाशा झाल्या, ती गोष्ट वेगळी.)
तिकडचा म्हातारा मालक करार करायला आला तेव्हा आपल्याकडे जेवला होता. दोनदा मागून घेतलं. असा माणूस वाईट नसतो.

२१ जानेवारी
पत्र गेलं! कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून. मी सांगितलं, त्याने मोबाइलवर इंग्रजी केलं, टाइप केलं. लेटरहेड मुलाच्या खणातून आणलं होतं, साधा कागद बरा दिसत नाही. मजकूर: दादा, व्हॉल्व्ह आमचेच खराब होते. पोरांनी घाई केली. मोठ्या मनाने सोडून द्या. घरी सगळे बरे ना? खाली माझी सही, ठसठशीत. झेरॉक्सवाला म्हणाला, आजी, घरी विचारलंय ना? म्हटलं, घरातले मलाच विचारतात.
कारखान्यात रात्रपाळी बंद झाली. तात्पुरती असणार.

२ फेब्रुवारी
उत्तर आलं, झेरॉक्सवाल्याच्या मेलवर! दोन ओळी. पत्र मिळालं, अत्यंत आभारी आहोत, ते जपून ठेवलं आहे. जपून ठेवलंय! आमच्या नातेवाइकांनी लग्नाचे फोटोसुद्धा जपले नाहीत. तीनदा वाचून घेतलं. झेरॉक्सवाल्याला बिस्किटांचा पुडा दिला.
मुलाला सांगणार होते, पण तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. राहू दे. आनंद एकदमच देऊ.

६ मार्च
मुलाने आज अकरा माणसं कमी केली. बारावा फोरमन. बत्तीस वर्षांचा जुना माणूस, तो आपणहून म्हणाला, साहेब, मला काढा, त्या वेल्डिंगवाल्याची मुलं लहान आहेत. मुलाने घरी येऊन हात धुतले. जेवायला बसला, उठला, परत धुतले. म्हटलं, अरे, महिना-दोन महिन्यांत सगळ्यांना परत बोलावशील. तो म्हणाला, कशावरून? मी नुसती हसले. गुपित ठेवण्यातही मजा असते.
सून म्हणाली, तुम्हाला हसू कसं सुचतं हो?

१७ एप्रिल
हिअरिंग. वकीलबाईंच्या ऑफिसात भला मोठा स्क्रीन, तीन पंच तीन चौकटींत. मधले टकले, चेहरा दयाळू. शिवाय एक दुभाषी बाई. मी आधी सगळ्यांना विचारलं, जेवलात का. दुभाषी बाईने ते सांगितलंच नाही.
सकाळभर मुलगा बोलला. फोटो दाखवले, व्हॉल्व्हवरचा बाण इकडे आणि पाणी जातंय तिकडे. मधले पंच मान हलवत होते, लिहून घेत होते. वकीलबाईंनी टेबलाखाली मुलाचा हात दाबला. कितीतरी महिन्यांनी तो ताठ बसलेला दिसला.
मग समोरच्या वकिलाने माझं पत्र स्क्रीनवर लावलं. केवढं मोठं दिसत होतं! त्याने विचारलं, सही तुमची? हो तर. मजकूर तुम्ही सांगितलात? अक्षर न् अक्षर. कोणी जबरदस्ती केली होती? म्हटलं, माझ्यावर? कोणाची हिंमत आहे?
आता तो म्हणणार, आमचंही चुकलं. मी वाट बघत राहिले. तो म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत.
मी विचारलं, म्हातारे दादा कुठे आहेत? पत्र त्यांना होतं. तर ते डिसेंबरातच वारले. पत्र ऑफिसने थेट वकिलांकडे दिलं होतं. म्हटलं, अरेरे, फार वाईट झालं. एवढं मात्र दुभाषी बाईने नीट सांगितलं.
वकीलबाईंनी हात काढून घेतला होता.

१८ एप्रिल
वकीलबाई म्हणाल्या, आजी, तडजोडीची ती एक ओळ वर असती, तर हे पत्र मी पंचांसमोर येऊच दिलं नसतं. आवाज चढवला नाही, पण चहाला हातही लावला नाही.
मी म्हटलं, पंच शहाणे असतात. मोठी माणसं असं बोलतात, हे त्यांना कळतं. त्यांनाही आया असतीलच की.
संकल्प: घरात कोणी बोललं नाही तरी आपण बोलत राहायचं.

३० जून
निकाल. शंभराच्या वर पानं. नातीने वाचला. उलटे बसवल्याचे फोटो दखल घेण्यासारखे आहेत, असं पंच म्हणतात. पुढे म्हणतात, पण कंपनीच्या मालकिणीनेच लेखी कबूल केल्यावर संशयाला जागा उरत नाही. माझं पत्र जसंच्या तसं छापलंय. फक्त ‘घरी सगळे बरे ना’ गाळलं.
मुलाला म्हटलं, मी पंचांना सांगते, ते खोटं होतं, म्हणायची पद्धत म्हणून म्हटलं. तो म्हणाला, आई, त्यांचं काम संपलं. आता ऐकणारं कोणी नाही. एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट
परवा कारखाना दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. आज मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला. चोपन्न वर्षांचा. आयुष्यात पहिलीच मुलाखत. शर्टाला इस्त्री मी केली. कॉलर जळली. म्हटलं, थांब, दुसरा काढते. तो म्हणाला, उशीर होतोय.
तोच घालून गेला.