साडेचार ते सहा

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज सोडलं तिला एकटीला! साडेचार ते सहा, इमारतीमागच्या मैदानात. नियम तीन — रस्ता ओलांडायचा नाही, कुणाबरोबर कुठे जायचं नाही, दिवे लागले की वर. भिंगरीने बोटांवर मोजत पाठ म्हणून दाखवले. वर चौथा स्वतःचा घातला — "आईने खिडकीतून हाका मारायच्या नाहीत." सात वर्षांची आहे. त्या वयात मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर उंडारायचे.

पहिली वीस मिनिटं एकाच पडद्याची दुमड तीनदा उसवली. माझ्या शिलाई मशीनवरून मैदान अर्धंच दिसतं. उरलेल्या अर्ध्यात काय काय घडत असेल याची चित्रं डोक्यात. मग पाय जोरात चालवला, म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. सहाला पाच कमी असताना आली. गुडघा खरचटलेला, केसांत गवत, आणि चेहऱ्यावर रुबाब असा की लढाई मारून आली!

नवरा कचेरीतून आल्यावर सांगितलं. मान हलवली. जेवला.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

तळमजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. एकतीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या. एकट्याच असतात. भिंगरीच्या गुडघ्याला औषध त्यांनीच लावलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही पडदे शिवा. मी असतेच खिडकीत." बरं वाटलं.

दुसऱ्या मजल्यावरची मात्र — "धीट आहात हं तुम्ही!" हे कौतुक नव्हतं, एवढं कळतं मला.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

मैदानात पोरांनी दुकान काढलंय. पानं म्हणजे कापड, भिंगरी शिंपीण. गिऱ्हाइकांना म्हणते, "मंगळवारी या, आज हाताला वेळ नाही." हुबेहूब मी! हसू आवरेना. स्वतःहून घरी येते, हात धुते, पोटभर जेवते. गेल्या वर्षभरात कधी जेवली नव्हती अशी.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आज अक्षर नीट येत नाही.

अकरा वाजता बेल. बालकल्याण खात्याची बाई, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. "तक्रार आली आहे. लहान मुलीला रोज देखरेखीशिवाय बाहेर सोडलं जातं." कुणाची तक्रार? "ते सांगता येत नाही, मॅडम."

मग घरभर फिरली. फ्रीज उघडून बघितला. माझा फ्रीज! भिंगरीच्या गादीवरून हात फिरवला. खिडकीच्या गजांमधलं अंतर बघितलं. मशीनजवळच्या कात्रीकडे बोट — "ही मुलीच्या हाताला येते?" येते. तिला कापड कापता येतं सरळ. हे मी बोलून बसले. तिने लिहून घेतलं.

"मूल किती मिनिटं नजरेआड असतं?"

म्हटलं, नव्वद. "रोज?" रोज. मान वर न करता लिहीत राहिली. मी अभिमानाने सांगत होते आणि ती गुन्हा कबूल केल्यासारखं लिहीत होती.

योगायोगाने नवऱ्याची आज सुट्टी. त्याने चहा केला, तिच्यापुढे ठेवला, शेजारी उभा राहिला. ती गेल्यावर म्हणाला, "नको ना ताणूस आता. काही दिवस नको सोडूस." आता चौकशी संपेपर्यंत भिंगरीला एकटीला उंबऱ्याबाहेर पाठवायचं नाही. लेखी दिलंय आम्ही. दोघांनी सही केली.

बुधवार, २२ फेब्रुवारी

कोण? कोण? कोण?

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

दिवसभर मैदानाकडे तोंड करून कोण बसतं? कोणाला वेळा पाठ आहेत? नव्वद मिनिटं कोण मोजू शकतं?

नवऱ्याला म्हटलं, नर्सबाईच असणार. तो बूट पुसत होता. "असेल. काय करायचंय शोधून?" म्हणाला, आणि पुसलेलाच बूट पुन्हा पुसायला लागला.

रविवार, २६ फेब्रुवारी

बोलले. जिन्यात, सगळ्यांच्या देखत. त्या पिशवी घेऊन वर येत होत्या. "माझ्या घरात माणसं घातलीत ना? आता बसा बघत रिकामं मैदान!"

त्यांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "अहो, मी कशाला असं करीन?" शांतपणे. त्या शांतपणानेच माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पोर असतं तर कळलं असतं तुम्हाला."

दुसऱ्या मजल्यावरचीने दार लोटून घेतलं. नर्सबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली गेल्या. वर यायच्या होत्या खरं तर. आमच्याकडेच येत असाव्यात. पिशवीत लिंबं होती.

असो. बोलले ते बोलले.

गुरुवार, २ मार्च

नर्सबाईंच्या खिडकीला आता पडदा. मीच शिवून दिला होता गेल्या वर्षी, निळा. दिवसभर ओढलेला.

मी रोज साडेचारला भिंगरीला घेऊन खाली जाते. बाकावर बसून राहते. बाकीची पोरं पांगली, त्यांच्या आयांनीही धसका घेतलाय. भिंगरी झोपाळ्यावर बसते, हलत नाही. मी ओरडते, "खेळ की!" ती म्हणते, "काय खेळू?" पंधरा मिनिटांत वर. पडद्यांचं काम तुंबलंय.

मंगळवार, ७ मार्च

भिंगरी गॅलरीत जायच्या आधी विचारते — "जाऊ का?" संडासला जायच्या आधीही! आज विचारलं, "ती बाई मला घेऊन जाणार होती का?" नाही गं, वेडी आहेस का. "मग तू सही कशावर केलीस?"

या पोरीला कोण सांगतं एवढं?

शुक्रवार, १० मार्च

मीच कातर झालेय. शाळेला दहा मिनिटं उशीर झाला तर फाटकापर्यंत धावत गेले. घाबरट बायकांना मी हसायचे. आता त्यांच्याच रांगेत उभी आहे, आणि या रांगेत मला कुणीतरी ढकललंय. त्याला कधी माफ करणार नाही. लिहून ठेवते इथे.

सोमवार, १३ मार्च

पत्र आलं! चौकशी बंद. "मुलीच्या पालनपोषणात त्रुटी आढळली नाही." तीन आठवडे जीव टांगणीला, आणि एक ओळ. बाकीची कागदपत्रं हवी असल्यास कचेरीत येऊन बघता येतील म्हणे. बघणारच.

भिंगरीला म्हटलं, जा, आता मोकळी आहेस. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, परत काढल्या. "उद्या जाते," म्हणाली.

बुधवार, १५ मार्च

कचेरीत गेले. फाइल पुढ्यात ठेवली त्यांनी. तक्रारदाराचं नाव काळ्या पट्टीने झाकलेलं, पण मजकूर हाताने लिहिलेला. नाव वाचायचीही गरज पडली नाही. दहा वर्षं वाणसामानाच्या याद्या ज्या अक्षरात वाचल्या, ते अक्षर.

संध्याकाळी विचारलं. नाकारलं नाही त्याने. खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. "रोज साडेचार वाजले की कचेरीत मी सहापर्यंत घड्याळच बघत बसायचो. तुला सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं.