१९८०–८१ चा हंगाम कोणाच्या नावे

जर्स्या दोरीवर घालून झाल्या होत्या आणि मी मोज्यांच्या जोड्या लावत होते. मंगळवारची सकाळ होती. शेगडीवर घेवड्याच्या सुपाचं पातेलं रटरटत होतं, कारण मंगळवारी सरावानंतर नवऱ्याच्या बास्केटबॉल संघाची पोरं आमच्याकडे जेवायची. ग्लेन कामावर निघताना दारातून ओरडला, "बारा नंबरची शिवण उसवलीय, बघशील का?" मी म्हटलं, "तुझ्या बाराला सांग, चेंडूमागे धाव, माणसांवर आदळू नकोस." तो हसत गेला. बस, एवढंच. त्या सकाळी काहीही घडलं नाही. अशा सकाळी मी वीस वर्षं घालवल्या, आणि मृत्युपत्र लिहायला बसल्यावर पहिली आठवली ती हीच.

माझ्या वकीलबाई मिस फेनिमोर म्हणतात, अशी सुरुवात चालत नाही, आधी प्रतिज्ञा लिहायची असते. तर ती लिहिते.

मी, वर्ना ओबरमायर, कै. ग्लेन ओबरमायर यांची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार कॉर्विन, इंडियाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल असं कोणी सांगू लागलं तर त्याला दारातून परत पाठवावं.

एवढ्याशा घरासाठी इतकी पानं कशाला, असं कोणाच्याही मनात येईल. मृत्युपत्र कोर्टात दाखल होतं आणि मग ते कोणीही मागून वाचू शकतं, हे मला मिस फेनिमोरनी सांगितलं. मला नेमकं तेच हवं आहे. एका माणसाचं नाव या गावाने तीस वर्षं चिखलात ठेवलं. ते धुऊन जायचं आहे. त्याचं कलम सहावं आहे. घाई असेल त्याने थेट तिथे जावं.

कलम पहिलं. कॉलेज स्ट्रीटवरचं माझं राहतं घर आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी मुलगी लोईस हिला द्यावी. लोईस, मागच्या पायरीची फळी हलते, भाडेकरू ठेवण्याआधी ती बदल. पलंगाच्या उजव्या बाजूची गादी नवी दिसेल. ती सात वर्षांत वापरली गेलेली नाही.

कलम दुसरं. गॅरेजमधली ग्लेनची सगळी हत्यारं शेजारच्या क्लाइड यंटला द्यावीत. तिथला रेडिओ मात्र लोईसने ठेवावा. कोचपद सोडल्यावर ग्लेनने पुन्हा कधी कॉलेजच्या जिममध्ये, म्हणजे सामने व्हायच्या त्या दालनात, पाऊल टाकलं नाही. पण हंगाम सुरू झाला की तो गॅरेजमध्ये जाऊन बंद मोटारीच्या टपावर रेडिओ ठेवायचा आणि उभ्याने सामना ऐकायचा. मी विचारायचे, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही, स्क्रू शोधतोय." मीही म्हणायचे, "सापडला की जेवायला ये."

कलम तिसरं. माझी पुस्तकं गावच्या वाचनालयाला. मी नववीत शाळा सोडली. पुढचं जे काही शिकले ते त्याच वाचनालयाच्या खिडकीशी बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन. पुस्तकांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं आहे, ते खोडू नये. काही ठिकाणी मी लेखकाशी भांडले आहे आणि अजूनही मला माझंच पटतं.

कलम चौथं. कपडे धुण्याचं जुनं यंत्र चर्चला द्यावं. ते चालू आहे. ब्रॅडिश कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास खरं तर त्याच्या पोटातून गेला आहे. पहिल्या हंगामात, म्हणजे ६१–६२ ला, मला काही कळत नव्हतं. पांढऱ्या जर्स्या लाल चड्ड्यांबरोबर टाकल्या आणि उरलेले सामने पोरं गुलाबी होऊन खेळली. चारच सामने जिंकलो. समोरचे प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. ग्लेन म्हणाला, "असू दे, निदान आपल्याकडे बघतायत तरी." ६४ ला पहिल्यांदा जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले. ६७ ला बारा नंबर, तोच शिवण उसवणारा, व्हिएतनामला गेला. ६८ च्या हंगामात त्याची जर्सी मी तरीही दर आठवड्याला धुतली. कोणी घातलेली नव्हती, पण दोरीवर अकरानंतर तेरा घालायला हात धजत नव्हता. त्याची आई ती न्यायला आली तेव्हा मी इस्त्री करून दिली. सत्तरच्या पुढचे तीन-चार हंगाम इतके वाईट गेले की मला फक्त डाग आठवतात.

कलम पाचवं. ब्रॅडिश कॉलेजला काहीही देऊ नये. नवीन जिमच्या दारात त्यांनी हंगामांची भिंत उभारली आहे. दर हंगामाची एक पाटी: कोच, खेळाडू, जिंकले, हरले. तिथे मांडायला ग्लेनची शिट्टी आणि कोट मागायला कॉलेजातून एक तरुण गृहस्थ आले होते. मी भिंत बघायला गेले. १९८०–८१ च्या पाटीवर नुसती रेघ होती. मी विचारलं, "इथली पोरं कुठे गेली?" ते म्हणाले, "मॅडम, तो हंगाम अधिकृतपणे झालेलाच नाही." मी म्हटलं, "मग मी धुतलं काय?" मी शिट्टी घरीच ठेवली. रेघेला कोट लागत नाही. शिट्टी आणि कोट लोईसला.

कलम सहावं. आमच्या जेवणघरातल्या कपाटात बास्केटची एक जाळी आहे. ती डेल्विन पेटीग्रू, राहणार इंडियानापोलिस, याची आहे. मी फक्त सांभाळली. ती त्याला द्यावी. ती त्याची कशी, ते मी शपथेवर लिहिते.

डेल्विन ७६ च्या शरदात इलिनॉयच्या दक्षिण टोकाच्या कैरो गावाहून आमच्याकडे आला. पहिल्याच महिन्यात त्याचा घोटा मोडला. नियम असा होता, आणि आजही जवळपास तसाच आहे, की खेळाडूला चारच हंगाम मिळतात, आणि एका हंगामात मिनिटभर जरी मैदानात उतरलं तरी तो अख्खा हंगाम खर्ची पडतो. म्हणून ग्लेनने ठरवलं की घोटा बरा झाला तरी या वर्षी पोराला उतरवायचं नाही. त्याने फक्त गणवेश घालून बाकावर बसायचं. त्याची चार वर्षं पुढे पुरी मिळू देत.

फेब्रुवारीत, हंगामातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला, डेल्विनची आई ओडेसा आली. दोन बस बदलून, मांडीवर केकचा डबा सांभाळत. शनिवारची दुपार होती. ती माझ्याशेजारी बसली. आम्ही सपाटून हरत होतो, आणि हरत असलो की आमचं गाव मोटारी काढायला आधीच उठतं. जिम अर्धी रिकामी झाली. ओडेसाने मला विचारलं, "बाई, माझा कधी खेळणार?" मी म्हटलं, "यंदा नाही हो, त्याचा पाय..." ती म्हणाली, "बरं, बरं. बसलेला पण छान दिसतोय." आणि पर्स मांडीवर नीट ठेवून बाकाकडे बघत राहिली.

ग्लेनने मान वळवली आणि त्याला ती दिसली. मिनिटभर उरलं होतं. तो म्हणाला, "पेटीग्रू, जा." डेल्विनने विचारलं, "मी?" "तूच. तुझी आई बघतेय." तो उतरला. चेंडू एकदा त्याच्या हातात आला, त्याने तो दुसऱ्याला दिला, आणि सामना संपला. ओडेसा उभी राहून टाळ्या वाजवत होती, जणू आम्हीच जिंकलो. नियम ग्लेनला पाठ होता. त्या मिनिटात तो नियम त्याच्या डोक्यातच आला नाही. नंतर केक खाताना कोणाच्याच आला नाही.

पुढे डेल्विन चार हंगाम खेळला. चौथ्यात, ८०–८१ ला, आम्ही विभागाचे विजेते झालो. ब्रॅडिशच्या इतिहासात तेवढं एकदाच. आमच्याकडे जिंकल्यावर शिडी लावून बास्केटची जाळी कापतात. प्रत्येक खेळाडू एकेक दोरा कापतो, शेवटचा कोचचा असतो. ग्लेनने कात्री डेल्विनच्या हातात दिली आणि म्हणाला, "चढ. माझे गुडघे दुखतायत." त्याचे गुडघे उत्तम होते.

जूनमध्ये सामन्यांच्या संघटनेकडे तक्रार गेली. आम्हाला ७७ साली हरवणाऱ्या कॉलेजातल्या कोणाला तरी बाकावरून उठलेला तो उंच मुलगा आठवला होता. चाराऐवजी पाच हंगाम भरले. अख्खा विजेता हंगाम रद्द झाला. जिमच्या छताला टांगलेली विजयाची पताका उतरवली. कॉलेजने पत्रक काढलं की खेळाडूने माहिती दडवली.

ग्लेन कोट घालून कॉलेजात निघाला होता, चूक माझी म्हणून सांगायला. तेवढ्यात डेल्विन स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मी वाटाणे सोलत होते. सगळं माझ्यासमोर झालं.

"कोच, जाऊ नका."

"म्हणजे? तू काय दडवलंस? मी तुला उतरवलं."

"का उतरवलं ते विचारतील. तुम्ही खरं सांगाल. ते पेपरात येईल."

"येऊ दे की!"

"कोच, ती दोन बस बदलून आली होती. तिच्या येण्याने सगळ्यांचा हंगाम गेला, हे तिला कळलं तर ती उरलेलं आयुष्य त्यातच काढेल. मी तिला सांगितलंय, कॉलेजच्या कागदांत काहीतरी घोळ झाला. तेवढंच राहू द्या."

ग्लेन म्हणाला, "आणि तुझं काय?"

डेल्विन म्हणाला, "माझं मी बघतो." त्याने जाळी टेबलावर, वाटाण्यांच्या टरफलांशेजारी ठेवली आणि गेला. ग्लेन कोट घालून तसाच दुपारपर्यंत खुर्चीत बसला. मग जाऊन राजीनामा देऊन आला. कारण दिलं नाही. गावाने स्वतःच ठरवलं की पोराने बिचाऱ्या कोचला फसवलं.

डेल्विनला शाळेत कोचची नोकरी ठरली होती, ती गेली. तो इंडियानापोलिसला बसच्या गॅरेजमध्ये लागला आणि तिथेच राहिला. आणि इथे डॉटीच्या खाणावळीत, सकाळच्या मोठ्या टेबलावर, त्याच्या नावाचं क्रियापद झालं. ते रॉय स्टकी न्हाव्याने केलं. पत्त्यांत कोणी लबाडी केली की "पेटीग्रू करू नकोस." कोणी ॲपल-पायची दुसरी फोड घेतली की "ए पेटीग्रू, पाचवी का?" त्या टेबलावरच्या तरुणांना तर तो माणसाचं नाव आहे हेही माहीत नाही. ग्लेनने त्या टेबलाशी बसणं सोडलं. शेवटच्या आजारात त्याने मला एकदाच विचारलं, "वर्ना, ती म्हातारी आहे का अजून?" मी म्हटलं, "आहे, ठणठणीत आहे." तो म्हणाला, "बरं झालं." आणि भिंतीकडे तोंड केलं. शब्द दिलेला होता. तो पाळून तो गेला.

ओडेसा पेटीग्रू यंदाच्या जानेवारीत वारली. लोईसने मला मोटारीने कैरोला नेलं. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. डेल्विन माझ्याशेजारी येऊन बसला. केस पांढरे झालेत.

"मॅम, एवढ्या लांब कशाला आलात?"

"तुझ्या आईचा केक खाल्लाय मी."

मग मी हळूच विचारलं, "आता सांगू का रे?"

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"आता कोणापासून लपवायचं, मॅम? पण तीस वर्षं झाली. ऐकायला कोणी उरलंय का तिकडे?"

"रॉय स्टकी उरलाय."

तो हसला. मग कागदी रुमालाने बराच वेळ डोळे झाकून बसला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "ती शेवटपर्यंत सांगायची, तू कसा उतरलास ते. चेंडू घेतलास कसा, दिलास कसा. नर्सांना सांगायची."

तर हे लिहून ठेवते. डेल्विन पेटीग्रूने काहीही दडवलं नाही. त्याला माझ्या नवऱ्याने, त्याची आई बघत होती म्हणून, मैदानात पाठवलं. तो हंगाम झाला. मी त्याच्या जर्स्या धुतल्या आहेत.

कलम सातवं. रॉय स्टकीला माझ्याकडून काही नाही. त्याने हे मृत्युपत्र वाचावं, एवढीच इच्छा.

कलम आठवं. मला ग्लेनच्या डाव्या हाताला पुरावं. तो उजवीकडे झोपायचा. दगडावर जादा मजकूर नको. व्यवस्था लोईसने पाहावी, ती माझी निष्पादक, म्हणजे हे सगळं अमलात आणणारी.

हे सगळं मी सोमवारी, ७ मार्च २०११ रोजी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. सह्या मिस फेनिमोरच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी व्हायच्या होत्या. पण झोपताना वाटलं, डेल्विन त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझी तब्येत बरी आहे. मी मरेपर्यंत त्याने का थांबावं?

आज मंगळवारी सकाळी मी डॉटीच्या खाणावळीत गेले, मोठ्या टेबलाशी उभी राहिले आणि सहावं कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचलं. मग विचारलं की साक्षीदार म्हणून कोण सही करतं.

मृत्युपत्र करणार: वर्ना ओबरमायर (सही)

आम्ही दोघांनी वरील सही समक्ष पाहिली. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही:

१. डॉटी क्रेबिल (सही)
२. रॉय स्टकी (सही)

ठिकाण: कॉर्विन, इंडियाना
मंगळवार, ८ मार्च २०११