चिंचोक्याची खळ

लायडन, १९ जानेवारी २०२५

ती. सौ. वृंदामावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा थंडीवर बोलून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. तू स्वतः रंगवून लग्नात दिलेला तंजावरी बाळकृष्ण माझ्या हातून बिघडला. देवाचं तोंड पूर्वेला हवं म्हणून मी तो नेमका हीटरवरच्या भिंतीला टांगला. फळी सुकली, गळ्यातल्या माळेचा उठाव तडकला आणि सात मणी खड्यांसकट खाली आले. आशुतोष दुकानातून गोंदाची ट्यूब घेऊन आला होता, त्याला मी हात लावू दिला नाही.

चित्र पुण्याला पाठवू का? तूच ते नीट करशील. मला फार अपराधी वाटतंय. रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वैदेही

पुणे, ११ फेब्रुवारी

चि. सौ. वैदेहीस,
अ. उ. आ. वि. वि.

अक्षर काकांचं आहे. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय. लेखनिकाला दोन चहा कबूल केलेत.

चित्र पाठवू नकोस. तूच नीट कर. काकांची बँकेची बदली तंजावरला होती तेव्हा माझ्या गुरू जयंतीअम्मांनी वर्षभर मला नुसती मोडलेलीच चित्रं जोडायला दिली होती. चिंचोके भाज, भिजव, सालं काढून वाट आणि पाण्यात शिजवून खळ कर. तिच्यात खडूची पूड कालवून थेंबाथेंबाने मणी घाल, ओले असतानाच खडे बसव. वाळले की वर सोन्याचा वर्ख. तो सोबत पाठवलाय. लहानपणी शिंकून माझा एक वर्ख उडवला होतास, तेव्हा जपून. आणि आधी त्या हीटरवरून देवाला उतरव, बाई.

ईशानीला पापा.

मावशी

लायडन, ९ मार्च

ती. सौ. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

मण्यांची माळ झाली, फोटो सोबत आहे. इथल्या सुपरमार्केटात चिंचेचा कोळ मिळतो, चिंचोके नाहीत. शेवटी आधी ट्रेनने आणि मग मेट्रोने अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला गेले. एका सुरिनामी बाईंच्या दुकानात अख्ख्या चिंचा मिळाल्या. ईशानीने चिंचोके सोलले आणि वासाला डचमध्ये नावं ठेवली.

माझे मणी वाकडे आलेत. तुझ्यासारखे यावेत म्हणून भिंग घेऊन तुझे बघत बसले, तर तेही हलत्या हाताने घातलेले दिसले. सहा वर्षं रोज दिवा लावते, आणि मला कधी दिसलं नाही. मावशी, काकांकडून लिहून घ्यायला चष्मा हे निमित्तच होतं. तुझा हात तेव्हापासूनच थरथरतोय ना? तशा हाताने तू माझ्यासाठी एवढं केलंस.

तुझीच,
वैदेही

पुणे, ३० मार्च

चि. सौ. वैदेहीस,

हे अक्षर माझं आहे. चार दिवस लागलेत, तेव्हा लावून वाच.

हो, थरथरतो. तुझा बाळकृष्ण माझं शेवटचं चित्र. पुढे जमेना आणि सांगायची लाज वाटली. तू ते बिघडल्याचं कळवलंस तेव्हा मी काकांसमोर रडले. ते त्यांनी पत्रात लिहिलं नाही.

फोटो भिंगाखाली धरून पाहिला. माझे मणी कुठे संपतात आणि तुझे कुठे सुरू होतात, मला सांगता आलं नाही.

कपाटात एक फळी आहे. लक्ष्मीचं नुसतं रेखाटन झालंय, सहा वर्षं तशीच पडून आहे. मे महिन्यात शेजारचा सतीश तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. मणी तू घाल.

वर आशीर्वाद लिहायचे राहिले. आज त्या जागी आभार लिहिते.

तुझी मावशी