ओवशाला इटलीची गाडी

पेण, १६ ऑगस्ट

चि. सौ. ऋतुजास बाबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अख्ख्या पावसाळ्याचे रविवार, डाव्या अंगठ्याचं नख आणि तुझ्या आईला मारलेली एक थाप, एवढ्यावर सौदा पटला. अलिबागच्या बंगलेवाल्या शेटच्या दोन्ही अल्फा रोमिओ मी चालत्या केल्या. त्यातली एक गौरीला दिवसभर माझी. लग्नानंतरच्या तुझ्या पहिल्या ओवशाची, माहेराहून गौरीपुढे जायची पाचही भरली सुपं तिच्यातून आणणार. धरमतरच्या जेटीवर ट्रकांची पंक्चरं काढत मोठा झालेल्या या पोपटच्या लेकीचा ओवसा इटलीच्या गाडीतून उतरेल. रोह्यात असा कुणाचा आलेला नाय.

आता कुठली आणू ते कळव. जुनी तेराशे सीसीची : बॉनेटच्या तोंडाशी पायरी, दोन गोल दिवे, आवाज कढईत जिरं तडतडल्यासारखा. नंतरची सतराशे पन्नास : पायरी गेली, दिवे चार झाले, आवाज भरल्या घशाचा, दुसऱ्या गिअरला थेट छातीत वाजतो. डोळे मिटून दोन्ही ऐकल्या, तरी मन ठरत नाही. फोन करू नको, आई शेजारीच असते.

जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, तुझ्या बाजूने पातळ होऊ देऊ नको.

तुझा बाबा


रोहा, २१ ऑगस्ट

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी आणि निलेश स्वयंपाकघरातच नाचलो. सासूबाईंनी विचारलं, काय गो, लॉटरी लागली काय. मी म्हटलं, बाबा येणार आहेत. त्या म्हणाल्या, ते तर दर महिन्याला येतात.

निलेशला चार दिव्यांची हवी, ताकद जास्त म्हणून. मला ती चष्म्यावर चष्मा लावल्यासारखी वाटते. आणि ताकद दाखवणार कुठे, आमच्या आळीत गटारापर्यंत? पायरीवालीच आणा, हलकी आहे, वळणावर ठुमकेल.

एकच : सासूबाई म्हणतात, भरलेली सुपं एकावर एक रचायची नाहीत, तिरपीही धरायची नाहीत. डिकी ऐसपैस असेलच.

आईला कळू देऊ नका. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुमची ऋतुजा


पेण, ३० ऑगस्ट

चि. सौ. ऋतुजास आशीर्वाद.

पायरीवाली दोन दिवस आधीच आणली. गॅरेजमागे ताडपत्रीखाली लपवली होती, पण तुझ्या आईला जिरं तडतडलेलं ऐकू गेलं. ती आत गेली आणि मापाला सुपं घेऊन आली.

डिकीत दोन मावली. मागची सीट कसली, पापड ठेवायची फळी, तिच्यावर एक. पुढची सीट काढली तेव्हा पाचही सपाट बसली, पण तुझी आई उरली. तिने शांतपणे विचारलं, ओवसा माहेराहून जायचा की इटलीहून. मी शेटना फोन लावला, चार दिव्यांची आतून मोठी आहे का. ते म्हणाले, आतून दोन्ही सारख्याच. पावसाळाभर दोन्ही उघडल्या, बोल्ट न् बोल्ट पाहिला, पण आत सूप ठेवून पाहावं हे काही सुचलं नाही.

सीट परत बसवली, परवा नऊपर्यंत दोघंही तिच्यातून पोचतो. रागवू नको, लोभ वाढव.

तुझा बाबा

ता. क. सुपं शेजारच्या सखाच्या टेम्पोतून येतील. गणपतीच्या मूर्ती गावोगाव पोचवून तो रिकामा झाला आहे, आत पेंढा तसाच आहे.