नायट्रोजनचा निबंध आणि बांधावरचा आंबा

बाई,

काल बारावीच्या मुलांचे सराव निबंध तपासताना एका पोरीच्या समासात माझ्या हातून तुमचेच शब्द उमटले, ‘मग पुढं?’ पोरगी डिंभ्याची, धरणावर मासे धरणाऱ्या घरातली. श्वसनाच्या प्रश्नात तिनं माशाचे कल्ले छान लिहिले, फुप्फुसं छान लिहिली, पानावरची रंध्रंही लिहिली, पण तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायला साफ विसरली. मला हसूच आलं. तिच्या वयात मी हेच केलं होतं आणि तुम्ही मला भर वर्गात उभं केलं होतं.

सजीवांसाठी नायट्रोजनचं महत्त्व, असा प्रश्न होता. पचन, उत्सर्जन, जमिनीतले जिवाणू, मुळं, प्रथिनं, सगळं पाठ केलेलं मी उतरवून काढलं. प्रत्येकाला वेगळं शीर्षक, खाली पट्टीनं ओढलेली रेघ. वर शाबासकीची वाट बघत बसले. तुम्ही पेपर उंच धरून म्हणालात, “गावं समदी पाठ हायेत हिला. पर या गावातनं त्या गावात जायचा रस्ता कुठंय?” वर्ग हसला. मला रडू फुटायचंच बाकी होतं, कारण वडिलांनी बजावून ठेवलं होतं की विषय राहिला तर कॉलेज बंद, मेंढ्यांमागं यायचं.

त्याच आठवड्यात आमच्या मेंढ्या कळंबला तुमच्या रानात बसवलेल्या. खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या आणि मालकानं त्याबद्दल बाजरी द्यायची, हा तुमच्या-आमच्या घरांचा जुना व्यवहार. संध्याकाळी तुम्ही बांधावर येता, चपलेवरच बसता आणि समोरच्या मेंढीकडं बोट करता. ती काय खाते? गवत. मग पुढं? गवतातली प्रथिनं पोटात मोडतात. मग पुढं? नको असलेल्या नायट्रोजनचा यकृतात युरिया होतो, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. तेवढ्यात ती मेंढी खरंच मुतते आणि आपण दोघी हसून बेजार. मग जिवाणू, नायट्रेट, मुळांचे केस, बाजरीचं पान, दाण्यातलं प्रथिन. अंधार पडला तेव्हा माझे सगळे धडे एका रानात आले होते.

दुसऱ्या दिवशी मी निबंध नव्यानं लिहिला आणि शेवटी ठोकून दिलं, ‘म्हणून मेंढपाळाला बाजरी वेळेवर द्यावी.’ तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. “हे आमच्या ह्यांना दाखवते. पर परीक्षेत लिहू नगं, बाय.” नाही लिहिलं. निकाल लागला तेव्हा वडील मेंढ्यांनासुद्धा पेढे देऊ की काय अशा थाटात फिरत होते.

पुढं तुम्ही गेलात. घरच्यांनी रक्षा नदीत न सोडता त्याच बांधावरच्या खड्ड्यात घातली आणि वर रायवळ आंब्याची कोय लावली. मी तिथं उभी, डोक्यात एकच, मग पुढं? शास्त्र येत होतं, बाई. नायट्रोजन धुराबरोबर गेला, कॅल्शियम-फॉस्फरस राखेत राहिला. पण त्या उत्तरानं काही भागेना. तुमचाच राग आला, असला प्रश्न शिकवून ठेवल्याचा. कितीतरी वर्षं माझा तो निबंध अर्धाच राहिला.

या उन्हाळ्यात झाडाला पहिल्यांदा फळ धरलं. तुमच्या सुनेनं निरोप धाडला, गेले, तर तिनं एक पिकलेला आंबा हातावर ठेवला. तुम्ही बसायचात तिथंच बसून खाल्ला. त्यातला फॉस्फरस आता थोडा माझ्या हाडांत असेल, थोडा त्या डिंभ्याच्या पोरीच्या समासात लाल पेन चालवणाऱ्या हातात. हे लक्षात आलं आणि मला फार बरं वाटलं.

हे पत्र टाकणार कुठं? राहू दे इथंच, तपासलेल्या पेपरांखाली. फक्त एक सांगायचं राहिलं. आंबा आंबट होता, बाई, डोळे मिटावेत इतका. सुनेनं विचारलं तेव्हा मी साखरेसारखा आहे म्हणाले, आणि आणखी एक मागून घेतला.