वापरात नसलेला पूल

ता. ४ जानेवारी

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सरकारी खर्च तपासता तपासता तू थेट आमच्या घरासमोरचा पादचारी पूल धरलास, हे कळल्यापासून आई शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. त्या पुलावर अजून कबुतरांशिवाय कोणी चढलेलं नाही. लिफ्टला उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं ते लागलंच. लोक आपले सिग्नलला खालूनच रस्ता ओलांडतात. आईही रोज सकाळी तशीच समोरच्या मावशींकडे जाते. मावशींची नजर अधू झाल्यापासून पेपर आईच वाचून दाखवते, आणि निम्म्या बातम्यांना शिव्याही घालते. पायऱ्या काही तिच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नाहीत.

ज्यांनी पैसा खाल्ला त्यांना चांगलं धारेवर धर. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. २० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आक्षेप मी कडक लिहिला होता: ‘पूल बांधून वर्ष झाले तरी वापरात नाही, सबब खर्च निष्फळ.’ आमच्याकडे रीत अशी, की खात्याने पूर्तता कळवली की आक्षेप निकाली. परवा उत्तर आलं, पूल पूर्ण वापरात आणला आहे म्हणून. सोबत पायऱ्यांवरच्या गर्दीचे फोटो! साहेबांनी पाठ थोपटली, मीही सही करून मोकळी झाले. लिफ्ट सुरू झालेली दिसते. आईला म्हणावं, आता थाटात जा.

आठवण ठेवून लिहीत जा.

तुझी,
ठमी

ता. २ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

कसली लिफ्ट आणि कसलं काय! रस्त्याच्या मधोमध, या चौकापासून त्या चौकापर्यंत, डोक्याएवढी उंच लोखंडी जाळी ठोकली आहे. सिग्नलची वाटही बुजवली. आता झक मारत सगळे पुलावरून जातात, त्याचेच ते फोटो. जाळीचा खर्च वर आणि वेगळा.

आई घरात अडकली आहे. एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाला थांबत नाही. रविवारी मी तिला वळसा घालून स्कूटरवरून नेतो, पण रोज कामधंदा सोडून कसं जमणार? खात्यात जाऊन भांडलो, तर कारकुनाने तुमच्याच कार्यालयाचा कागद पुढे केला. म्हणाला, तपासणीवाल्यांनीच पूल वापरात आणायला सांगितलं. खाली तुझी सही. मी आल्या पावली परत फिरलो. आईला अजून सांगितलेलं नाही.

काहीतरी कर. राग आहे, पण लोभ कमी नाही.

दादा

ता. २५ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तीन कार्यालयं पालथी घातली. पूल बांधकामवाल्यांचा, लिफ्ट विजेवाल्यांची, जाळी रस्तेवाल्यांची. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. निकाली निघालेला आक्षेप पुन्हा उघडता येत नाही, आणि त्या खात्याची पुढची तपासणी तीन वर्षांनी. जाळीवर नवा आक्षेप लिहिते म्हटलं, तर साहेब हसले. आपल्याच आक्षेपाची पूर्तता आपणच निष्फळ ठरवायची का, असं मलाच विचारलं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. कुलपाचं तू लिहिलं होतंस, तरी आक्षेपात मी लिफ्टचा एक शब्द घातला नाही.

आईला तू सांगू नकोस. मी येईन तेव्हा मीच सांगेन. तोवर सांभाळून घे.

ठमी

ता. ११ मे

चि. ठमीस आईचे अनेक आशीर्वाद.

दादाने लपवलं, पण तुझं पत्र मीच उघडलं होतं. दिवसभर घरात बसून दुसरं काम काय?

काल मावशीला तिचा लेक कायमचा आपल्या घरी घेऊन गेला. एकटी किती दिवस भिंतीकडे बघत बसणार ती! मी जाळीपाशी जाऊन हात हलवला. तिला कुठलं दिसायला? हाका मारल्या, त्या गाड्यांच्या आवाजात विरल्या. तिची गाडी गेल्यावर मला तिथेच रडू कोसळलं.

तुझा राग आला आहे, खोटं कशाला बोलू? आज मी अगदी वरच्या साहेबांकडे तक्रार लिहिली. पूल, कुलूपबंद लिफ्ट, जाळी, सगळं त्यात घातलं. तपासणाऱ्यांनी इथे पाऊल न टाकता फोटो बघून सही केली, हेही लिहिलं. दादा म्हणाला, ठमीच्या नोकरीला झळ लागेल, तेवढं वाक्य खोड.

मी खोडलं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया होती तशीच आहे.

तुझी,
आई