घाटात लागलेली झोप

बाबा, माह्या नातीनं गाडी घेतली. बैलाची दमणी नाही, मोटार. राखाडी रंगाची, लहानशीच हाये, पण आत बसलं की खुर्चीवर बसल्यावानी वाटते अन् कंबर दुखत नाही. दमणीत बसून देऊळघाटाहून बुलढाण्याले येता येता माह्या हाडाहाडाची कशी गिनती व्हायची, ते तुम्हाले काय सांगू, तुम्हीच त हाकत होते. चवथीपर्यंत शाळा शिकवली तुम्ही मले, त्यातली एक इयत्ता त मी वांग्याच्या वाफ्यातच काढली, त्याच्यानं अक्षर जसं येईल तसं वाचून घ्या. सून म्हणे, आई, दुपारचं पडा जरा, काय लिहून राह्यल्या? मी म्हणलं, माह्या बापाले गाडीचं सांगायचं राह्यलं. ती चहा ठेवून गेली. सून चांगली हाये, फक्त चहात साखर कमी टाकते.

तुम्ही गेले तवा माहा लेक पाळण्यात होता. तुम्ही त्याच्या मुठीत बोट देऊन म्हणले होते, याची मूठ कासऱ्याची हाये. कासरा काही त्याच्या हाती आला नाही, त्यानं बाजारात भाजीचं दुकान टाकलं, चांगलं चालते. त्याची ही पोरगी, माही नात, जनावराची डॉक्टर झाली. हे वाक्य मी दोनदा लिहिलं असतं, पण कागद सरते. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू सरळ करते अन् मंग हात धुवून पोहे खाते. सरकारी दवाखान्यात साखरखेर्ड्याले नोकरी लागली, तिथंच खोली घेऊन राह्यते. पण बाबा, जनावर काही दवाखान्यात चालत येत नाही, अडलेली म्हैस त नाहीच नाही. ज्याचं जनावर त्यानं मोटरसायकलवर न्यायले यावं, तवा ही मांडीवर औषधाची पेटी घेऊन मांगं बसणार. दिवाळीच्या आधी एका पाड्यावरची म्हैस अडली. न्यायले कोणी लवकर आलं नाही. ही पोचली तवा म्हैस गेली होती, अन् घरची बाई तिच्या गळ्यातली घंटी सोडून राह्यली होती. त्या सुट्टीत घरी आली त दोन दिवस जेवलीच नाही धड. तिसऱ्या दिवशी म्हणे, आजी, मले गाडी पाह्यजे.

पैसे तिच्या पगारातले, कोणाले इचारायचं कामच नव्हतं. चालवणंबी शिकली, लायसनबी निघालं. पण तिचा बाप! तो म्हणे, "गाडी घेऊ. पण वरीसभर डायवर ठेवू, मंग पाहू." नात म्हणे, "पप्पा, पहाटे म्हैस अडली तर आधी डायवरले उठवायला त्याच्या घरी जाऊ का?" तो म्हणे, "रस्त्यावर टरका कशा चालतात पाह्यलं का तू?" ती म्हणे, "त्या टरकांच्या मधूनच त मोटरसायकलवर मांगं बसून जाते मी, तवा तुम्हाले नाही भेव वाटत?" याच्यावर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. तुमचा नातू हाये, पण ही खोड तुमची नाही, ही तिकडची, सासरची.

मोताळ्याले एक रिटायर मास्तर आपली गाडी इकून राह्यले होते. आम्ही तिघं एसटीनं गेलो, लेक, नात अन् मी. लेक म्हणे, "आई, तुले काय समजते गाडीतलं, तू काऊन येतं?" मी म्हणलं, "मले बैलातलं समजते, चाल." तुम्ही बाजारात बैल पाहायले गेले की आधी बैलाकडे पाहतच नव्हते, मालकाकडे पाहत. रंगवलेले शिंगं, झुली, घुंगरं, सारं सोडून मालकाले इचारत, काऊन इकून राह्यले भाऊ? मंग तो बोलता बोलता त्याचा हात कुठी जाते ते पाहत. मीबी तेच केलं. लेक इंजिन उघडून आत डोकं घालून राह्यला होता, त्याले त्यातलं माह्यापेक्षा जास्त कळते असं नाही, पण बापयमाणसाले डोकं घालावंच लागते. मी मास्तराले इचारलं, "काऊन इकून राह्यले हो गुरुजी?" म्हणे, "आता नीट दिसत नाही बाई. पोरं पुण्याले. उभी राहून खराब होईल बिचारी." अन् बोलता बोलता त्यायनं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् गाडीचा आरसा पुसला. तिथं धूळ नव्हतीच. मी लेकाले म्हणलं, "घे. चांगलं जनावर हाये." मास्तरीणबाई हसल्या, मास्तर नाही हसले. मले वाटते त्यायले समजलं.

नातीनं गल्लीत दोन चकरा मारल्या. व्यवहार झाला, बैलबाजारातल्यावानी रुमालाखाली बोटं धरून नाही, फोनवर झाला, फोननं टिंग केलं अन् गाडी आपली. मंग लेकानं आपला डाव काढला. म्हणे, "मी एका डायवरले बोलावून ठेवलं हाये, तो घाट चढवून गाडी घरी आणून देईल. राजूरचा घाट हाये, गंमत नाही. हिनं मांगं बसावं." किल्ली नातीच्या हातात होती, ती तिनं पुढं केली, बापाकडे. तिचा तसा चेहरा मी म्हशीच्या वेळेले पाह्यला होता.

बाबा, आपल्याकडे नवा बैल घरी कोण आणत होतं? ज्याले हाकायचा त्यानंच. रोजदाराच्या हाती कासरा देऊन आणला त बैल पहिला हात त्याचा वळखते, मंग जलमभर मालकाले परका समजते, असं तुम्ही म्हणायचे. मोताळ्याहून डायवरनं गाडी आणली असती ना, त ती गाडी डायवरचीच झाली असती, अन् माही डॉक्टर पोरगी जलमभर मांगच्या सीटवर पेटी घेऊन बसली असती. मी लेकाच्या हातातून किल्ली घेतली. म्हणलं, "नवं जनावर ज्याचं त्यानं आणायचं. डायवरले फोन कर अन् म्हण, आमच्या घरी डायवर हाये." लेक म्हणे, "आई, हे जनावर नाही!" मी म्हणलं, "मंग त सोपंच हाये, बुजत नाही." अन् पुढच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा लावता येत नव्हता, मास्तरानं लावून देला.

सपाटीवर पोरगी काय चालवते म्हणून सांगू! पाण्यावर पान चालल्यावानी. माहा लेक मांगं बसून एकसारखा सांगून राह्यला होता, हळू, गिअर, हॉर्न मार, खड्डा हाये, बकरी हाये. बकरी मलेबी दिसून राह्यली होती. घाट लागला. दोन वळणं झाली अन् तिसऱ्या वळणावर पुढं कापसाच्या गाठीचा टरक एकदम सुस्तावला, आमची गाडी थांबली अन् बंद पडली. बंद पडली ते पडली, वरून हात दोन हात मांगं सरकली. मांगं दुसरा टरक. तो भोंगा वाजवून राह्यला, अन् त्याच्यापेक्षा मोठ्यानं माहा लेक, "ब्रेक दाब! क्लच! मांगं टरक हाये! ब्रेक दाबून राह्यली का तू?" पोरीनं दाबला होता ब्रेक, गाडी उभीच होती. पण इस्टेरिंग असं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी. म्हणे, "आजी, मी नाही करत. पप्पांना कोणाला तरी बोलवायला सांग."

अन् मले त्या घाटात तुम्ही दिसले. मी दहा-अकरा वर्साची असेन, बाजार करून आपण घरी चाललो होतो, रिकाम्या टोपल्या, तुम्ही, मी अन् मांगं काका. नवा ढवळा बैल माणसाले बुजत होता, पण मी त्याले दुधीच्या साली घालायची म्हणून माह्या आवाजावर चालत होता. तुम्ही एकाएकी कासरा माह्या हाती देला. गावात बाईनं कासरा धरू नये म्हणत, अन् तुम्ही भर रस्त्यात पोरीच्या हाती देला. नाल्याचा उतार आला त काका मांगून वरडून राह्यले, "वढ! वढ कासरा! पलटी करशील!" मी वढला, बैल बिचकला, दमणी रस्त्याले आडवी झाली. तुम्ही मले रागे भरले, "वढू नको व! वढलं की जनावर भेते. नुस्तं धर. तू हाये एवढं त्याले कळू दे." मंग काकाले म्हणले, "तू उतर. हाकणारा एक अन् वरडणारा एक, अशी गाडी चालत नाही." काका उतरले अन् चालत घरी आले, पुढं कितीक दिवस माह्यासंगं बोलले नाही. अन् तुम्ही तळहातावर तंबाखू घेतली, तोंडावर दुपट्टा ओढला अन् म्हणले, "मले झोप येऊन राह्यली. घर आलं की उठव." अख्खा उतार, नाला, पलीकडचा चढ, गावातली गल्ली, मी एकटीनं हाकली दमणी. पुढं बाळंतपण आलं, धनी गेले, दुकानाचं पाहावं लागलं, जवा जवा मले वाटलं हे आपल्याच्यानं होणार नाही, तवा मी तेच आठवलं, की माहा बाप माह्या हाती कासरा देऊन घोरत होता.

मी मांगं वळून म्हणलं, "उतर."

"आई, घाटात?"

"उतर बे. चाकामांगं मोठा दगड लाव, टरकवाल्याले हात दाखव, अन् गप राह्य."

उतरला. आई मारत नाही आता, पण सवय हाये त्याले. दगड लावला, चांगला लावला. मांगच्या टरकवाल्यानं भोंगा बंद केला अन् खिडकीतून डोकं काढून मजा पाहत बसला. मी पोरीले म्हणलं, "इस्टेरिंग आवळू नको व माय. नुस्तं धर. तू हाये एवढं तिले कळू दे." अन् तोंडावर पदर ओढून घेतला. "मले झोप येऊन राह्यली. घर आलं की उठव."

"आजी! खरंच झोपून राह्यली का तू? आजी?"

गाडीनं गुरगुर केली, एक धक्का बसला, पुन्हा बंद. पुन्हा गुरगुर. अन् मंग उठली, बाबा, गाळातून बैल उठते ना, आधी गुडघे अन् मंग सारा, तशी उठली अन् चालायले लागली. थोड्या वेळानं पोरीचं हसू आलं कानावर, "आजी, पप्पा रस्त्यात हात करून राह्यले, पण थांबली तर पुन्हा उठणार नाही ही, मी नाही थांबत!" मी तरीबी बोलली नाही, मी झोपेत होती ना. लेकाले एका मेथीवाल्यानं मोटरसायकलवर आणलं, जुड्यांच्या मधात बसवून.

सुनेनं चारी चाकावर पाणी घातलं, बैलाच्या पायावर घालतो तसं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळला. लेकाचा राग चहापर्यंत टिकला. मंग तोच गल्लीत ज्याले त्याले सांगत सुटला, "गाडी घाटात बंद पडली अन् आमची आई झोपली! पोरीवर एवढा भरोसा! मीच भेलो." नातीनंबी साऱ्या मैतरणीले फोन करून सांगितलं, आजी घोरत होती म्हणून. शेजारीण माह्याकडे अशी पाहून राह्यली जशी मी शेगावचा अंगारा आणला. मले गोड लागत होतं.

आज पहाटे तिले साखरखेर्ड्याहून फोन आला, गाय अडली म्हणून. बाप म्हणे, "मी येऊ का संगं?" ती म्हणे, "या, पण बोलायचं नाही." तो म्हणे, "मंग तू जाय एकटी. मले ते नाही जमत." गेली. आत्ताच फोन केला तिनं. कालवड झाली, दोघी चांगल्या हायेत.

हे पत्र मी गाडीतच ठेवणार हाये, समोरच्या कप्प्यात, पूजेच्या नारळाच्या शेंडीखाली. पोस्टाच्या पेटीत टाकून कुठी पोचणार हाये? पण तुम्हाले म्हणून सांगते बाबा, दुसऱ्या कोणाले नाही. मी झोपली नव्हती. पदराखाली डोळे घट्ट मिटून दाराची मूठ धरून बसली होती, घाट सरेपर्यंत शेगावच्या महाराजांचं नाव घेत होती, अन् घोरल्याचा आवाज मी मुद्दाम काढला.

अन् तवापासून मले एकच गोष्ट आठवून राह्यली. त्या दिवशी दमणी दारात उभी राह्यली अन् मी तुम्हाले उठवलं, तवा तुम्ही लगेच उठले, अन् मूठ उघडून तंबाखू खाली टाकून देली. तोंडात टाकली नाही. माह्या पायाजवळच पडली ती, घामानं भिजून गोळा झालेली. मले तवा वाटलं, झोपेत राहून गेली असेल हातात.